मोतीबिंदूनंतरचा कोरडा डोळा



व्याख्यानमालेच्या चालकांचे निमंत्रण आले तेव्हा विषय कोणता घ्यावा, असा आम्हांला पेच पडला. या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण अशा भारदस्त विषयांवरची व्याख्याने आपण ऐकत आला आहात. त्या मानाने आमचा विषय फार लहान, अगदी पापणीआड मावेल एवढा. परंतु सभागृहावर नजर टाकली म्हणजे दिसते, की समोर बसलेल्यांपैकी पुष्कळांचे मोतीबिंदू काढून झाले आहेत, काहींचे काढायचे आहेत, आणि उरलेल्यांवर घरच्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत थेंब घालण्याची वेळ आज ना उद्या येणारच आहे. तेव्हा विषय लहान असला तरी परका नाही, एवढ्या धीरावर आम्ही उभे आहोत.

आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक येत असत. साऱ्या गावाचे ते गुरुजी. त्यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया उत्तम झाली. तक्त्यावरची सर्वांत खालची ओळ ते वाचू लागले. तीन आठवड्यांनी ते आले ते रागावूनच. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, सकाळी बरे दिसते आणि दुपारी धुरकट होते, गच्चीत वारा लागला की पाणी ओघळते, अशी त्यांची तक्रार होती. आम्ही डोळा तपासला आणि म्हणालो, "गुरुजी, डोळा कोरडा पडला आहे." गुरुजींनी रुमालाने गाल पुसला आणि म्हणाले, "डॉक्टर, गालावरून पाणी ओघळते आहे आणि तुम्ही म्हणता डोळा कोरडा! हे कोणत्या व्याकरणात बसते?" मग हलक्या आवाजात म्हणाले, "शस्त्रक्रिया फसली असेल तर तसे सांगा. दुसरा डोळा मी करायचा नाही."

गुरुजींचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर शस्त्रक्रियेच्या आधीच द्यायला हवे होते. ते आम्ही दिले नव्हते. कोणते थेंब केव्हा घालायचे ते सांगितले, डोक्यावरून पाणी घेऊ नका म्हणून बजावले. पण डोळा काही दिवस कोरडा पडेल आणि तो फसलेल्या कामाचा पुरावा नसेल, हे सांगायचे राहिले. आजचे व्याख्यान म्हणजे त्या राहून गेलेल्या गोष्टीची भरपाई समजावी.

आता अश्रू म्हणजे काय, ते पाहू. अश्रू म्हटले की आपल्याला रडणे आठवते. परंतु रडण्याचे पाणी हा प्रासंगिक पूर आहे. खरा अश्रू रात्रंदिवस बुबुळावर पसरलेला असतो. त्या पडद्याची जाडी काही सहस्रांश मिलिमीटर, आणि एका डोळ्यावरचे सारे पाणी मिळून सुमारे सात मायक्रोलिटर. म्हणजे चहाच्या एका चमच्यात सातशे डोळ्यांपुरते पाणी मावेल! या एवढ्याशा पाण्यावर आपली सारी दृष्टी उभी आहे. कारण डोळ्यात शिरणारा प्रकाश प्रथम या पाण्याच्या पृष्ठभागावर वळतो. पृष्ठभाग सपाट तर चित्र स्वच्छ, पृष्ठभाग फाटला तर चित्र धुरकट.

हे पाणी नुसते पाणीही नव्हे. बुबुळाला लागून एक बुळबुळीत थर असतो, त्यामुळे पाणी काचेवरून ओघळावे तसे न ओघळता धरून राहते. मध्ये पाणी. आणि सर्वांत वर तेलाचा अतिशय पातळ थर. दुधावर साय धरली की दूध लवकर निवत नाही. तसा हा तेलाचा थर पाण्याला वाफ होऊन उडून जाऊ देत नाही. हे तेल पापण्यांच्या कडेला ओळीने असलेल्या सूक्ष्म ग्रंथींतून येते. हाइन्रिश माइबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली त्यांचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्यांना माइबोम ग्रंथी म्हणतात. आपण मिनिटाला सुमारे पंधरा वेळा पापणी मिटतो, आणि दर वेळी हे तेल व पाणी बुबुळावर नव्याने सारवले जाते. घरच्या अंगणाला सडा-सारवण रोज एकदा पुरे. डोळ्याच्या अंगणाला ते मिनिटाला पंधरा वेळा लागते.

आता हे सारवण केव्हा करायचे, पाणी किती सोडायचे, हे ठरवतो कोण? बुबुळाचा जो पारदर्शक पृष्ठभाग आहे, ज्याला पारपटल म्हणतात, त्यात अतिशय दाट मज्जातंतू असतात. शरीरात इतकी संवेदनाक्षम जागा क्वचितच असेल. म्हणून तर धुळीचा एक कण आपल्याला हैराण करतो. पृष्ठभाग जरा सुकला की हे तंतू मेंदूला वर्दी देतात, मेंदू अश्रुग्रंथीला आणि पापणीला हुकूम देतो. वर्दी देणारा पहारेकरीच जखमी झाला, तर पाणीही वेळेवर येत नाही आणि पापणीही वेळेवर मिटत नाही.

शस्त्रक्रियेत नेमके हेच घडते. मोतीबिंदू काढण्यासाठी डोळ्याला छेद द्यावा लागतो. सुश्रुतसंहितेत मोतीबिंदूवरच्या शस्त्रकर्माचे वर्णन आहे. त्यात धुरकट झालेले भिंग शलाकेने बाजूला सारीत. त्यानंतर रुग्णाने उताणे पडून राहावे, शिंकणे, खोकणे, ढेकर देणे टाळावे, असे पथ्यही तेथे सांगितले आहे. इंग्लंडमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ साली डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसवले. त्या काळी मोठा छेद घ्यावा लागे आणि रुग्णाला पुष्कळ दिवस अंथरुणात पडून राहावे लागे. १९६७ साली अमेरिकेत चार्ल्स केल्मन यांनी ध्वनितरंगांनी मोतीबिंदू विरघळवून ओढून घेण्याची पद्धत काढली आणि छेद लहान होत गेला. आज त्या पद्धतीत तो तीन मिलिमीटरच्याही आत असतो. आपल्याकडे शिबिरांतून टाक्यांवाचून जी शस्त्रक्रिया होते, तिच्यात तो सहा-सात मिलिमीटरचा असतो. दोन्ही चांगल्या, परंतु छेद कितीही लहान असला तरी त्या वाटेवरचे मज्जातंतू तुटतातच, आणि ते पुन्हा वाढायला महिने लागतात.

याशिवाय आणखी काही गोष्टींचा भार त्या नाजूक पृष्ठभागावर पडतो. जंतू मारण्यासाठी शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्यात आयोडीनचे औषध घालतात. ते अत्यंत आवश्यक आहे, पण पृष्ठभागाला ते थोडे झोंबते. बधिर करणारे थेंब असतात. सूक्ष्मदर्शकाचा प्रखर उजेड असतो, आणि तेवढा वेळ पापणी मिटता येत नाही. नंतर काही आठवडे जे औषधी थेंब घालायचे, त्यांपैकी अनेकांत औषध टिकावे म्हणून संरक्षक द्रव्य घातलेले असते. तेही पेशींना त्रास देते. एवढे सगळे एका पंधरवड्यात सोसल्यावर डोळा कुरकुरला, तर नवल नाही.

काहींचा डोळा शस्त्रक्रियेपूर्वीच कोरडा असतो. वय वाढले की अश्रू कमी होतात; स्त्रियांना पाळी गेल्यानंतर हा त्रास अधिक होतो. मधुमेह, थायरॉइडचे विकार, संधिवात, पापण्यांच्या कडांची सूज, आणि सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, ही आणखी कारणे. डोळ्यांबरोबर तोंडही कोरडे पडते आणि सांधेही दुखतात असे असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे; तो शरीरभर पसरणाऱ्या एका विकाराचा भाग असू शकतो.

आता गुरुजींच्या व्याकरणाकडे येऊ. पृष्ठभागावरचा पडदा ठिकठिकाणी फाटला, म्हणजे उघडे पडलेले तंतू ओरड करतात. ती ओरड ऐकून अश्रुग्रंथी एकदम पाण्याचा लोंढा सोडते. या लोंढ्यात पाणी पुष्कळ, पण बुळबुळीत थर आणि तेल त्या मानाने कमी. ते बुबुळावर टिकत नाही, गालावर ओघळते, आणि क्षणभराने डोळा पुन्हा कोरडा. शेताला पाटाचे पाणी हवे असताना ढगफुटी व्हावी आणि पाणी वाहून जावे, तसे हे आहे. गुरुजींना हा दृष्टान्त सांगितला, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे डोळा गळतो, भिजत नाही." याहून चांगली व्याख्या आम्हांला अजून सापडलेली नाही.

कोरडेपणाच्या खुणा आता सहज ध्यानात येतील. खुपणे, चुरचुरणे, डोळे जड वाटणे. वाऱ्यात पाणी येणे. संध्याकाळकडे त्रास वाढणे. आणि दृष्टी कमी-जास्त होणे, म्हणजे दोन-चार वेळा पापण्या मिटल्या की पुन्हा स्वच्छ दिसणे. बहुतेकांत हा त्रास पहिल्या महिन्यात सर्वांत अधिक असतो आणि तीन महिन्यांच्या सुमारास पुष्कळ ओसरतो. ज्यांचा डोळा आधीपासून कोरडा होता, त्यांना अधिक काळ काळजी घ्यावी लागते. तरुण मंडळी चष्मा घालवण्यासाठी लेसरची जी शस्त्रक्रिया करून घेतात, तिच्यातल्या लॅसिक या प्रकारात पारपटलाची पातळ चकती उचलली जाते. तेथे तंतू अधिक तुटतात, म्हणून कोरडेपणाही सहा महिने किंवा त्याहून अधिक टिकू शकतो. शस्त्रक्रिया पंधरा-वीस मिनिटांची झाली म्हणून डोळ्याचे बरे होणेही पंधरा मिनिटांचे झालेले नाही. हे ज्याने समजून घेतले, त्याचा निम्मा त्रास कमी झाला.

आता उपाय. पहिला उपाय फुकटचा आहे, तो म्हणजे पापणी मिटणे. आपण वाचताना, टीव्ही पाहताना, आणि विशेषतः मोबाइल पाहताना पापणी मिटण्याचे प्रमाण निम्म्याहूनही खाली जाते. मोतीबिंदू निघाला की माणसाला वाचनाची हौस येते. कैक वर्षांनी अक्षर स्वच्छ दिसू लागलेले असते. हौस जरूर करावी, पण दर वीस मिनिटांनी पुस्तक खाली ठेवून दूर पाहावे आणि दहा-पंधरा वेळा पापण्या सावकाश, पूर्ण मिटाव्या. पोथी किंवा मोबाइल डोळ्यांच्या पातळीच्या खाली धरावा; म्हणजे डोळा कमी उघडा राहतो आणि पाणी कमी उडते.

दुसरा उपाय वाऱ्याचा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पंखा आणि कूलर बंद ठेवा असे सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण त्याचा झोत तोंडावर घेऊ नये. खाट थोडी सरकवली की काम होते. दुचाकीवर मागे बसतानाही डोळ्यांवर चष्मा हवा. शस्त्रक्रियेनंतर दिलेला काळा चष्मा उन्हाबरोबर वाराही अडवतो, हे लक्षात ठेवावे. चुलीचा धूर आणि उदबत्तीचा धूर, दोन्हींपासून काही आठवडे लांब बसावे.

तिसरा उपाय कृत्रिम अश्रूंचा. हे थेंब म्हणजे डोळ्याचे वंगण. ते डॉक्टरांनी सांगितलेले घ्यावे आणि खुपण्याची वाट न पाहता नेमाने घालावे. दिवसातून बरेच वेळा घालायचे असतील, तर संरक्षक द्रव्य नसलेले थेंब मिळतात. ते थोडे महाग असतात, पण अशा वेळी तेच बरे. थेंब घालण्याची रीतही सांगून ठेवतो. हात साबणाने धुवावे. मान मागे टाकून खालची पापणी हलके ओढावी आणि त्या खोबणीत एकच थेंब सोडावा. बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये. मग डोळा हलके मिटून, नाकाच्या मुळाशी डोळ्याच्या कोपऱ्याजवळ बोटाने एक-दोन मिनिटे अलगद दाबून धरावे. तेथून अश्रू नाकात उतरतात, म्हणून ती वाट बंद करायची. बोट नाकाच्या हाडावर असावे, डोळ्यावर नव्हे. बाटलीतला एक थेंब हा डोळ्यावरच्या सगळ्या अश्रूंच्या कित्येक पट असतो. तेव्हा दोन थेंब घातल्याने दुप्पट गुण येत नाही, दुसरा गालावर जातो. दोन निरनिराळी औषधे असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावी. उघडलेली बहुतेक औषधे महिन्यानंतर टाकून द्यावी लागतात. म्हणून उघडल्याची तारीख बाटलीवर लिहून ठेवावी.

चौथा उपाय पापण्यांच्या शेकाचा. तेलाच्या ग्रंथी तुंबल्या असतील, तर स्वच्छ कापडाची कोमट घडी मिटलेल्या पापण्यांवर पाच-दहा मिनिटे ठेवल्याने तेल पातळ होते. मात्र ताज्या शस्त्रक्रियेच्या डोळ्यावर दाब नको. हा शेक केव्हा सुरू करायचा, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आहाराविषयी आम्हांला नेहमी विचारतात. माशाच्या तेलाच्या गोळ्यांचा मोठा बोलबाला झाला होता. अमेरिकेत त्यांची रीतसर परीक्षा झाली आणि २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. माशाचे तेल घेणाऱ्यांना जेवढा गुण आला, जवळपास तेवढाच तुलनेसाठी ऑलिव्ह तेल दिलेल्यांनाही आला. तेव्हा साधा चौरस आहार आणि पुरेसे पाणी यांवर समाधान मानावे.

आता काय करू नये. डोळा चुरचुरला म्हणून नळाखाली धरू नये. नळाचे पाणी उरलासुरला अश्रूंचा पडदा धुऊन नेते आणि ताज्या जखमेवर जंतू नेऊन ठेवते. चोळू नये. मध, गुलाबपाणी, एरंडेल, दूध, काजळ, यांपैकी काहीही आजीने कितीही मायेने सांगितले तरी डोळ्यात घालू नये. आणि शेजाऱ्याच्या कपाटातली अर्धी बाटली तर मुळीच नको. डोळा लाल दिसला की दुकानातून आणलेल्या काही थेंबांत स्टेरॉइड असते. शस्त्रक्रियेनंतर तेच औषध डॉक्टर ठरावीक दिवस देतात, कारण सूज उतरायला ते हवेच असते. पण देखरेखीवाचून ते चालू ठेवले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. उलट, आग होते म्हणून डॉक्टरांनी दिलेले औषध स्वतःच्या मनाने बंद करणेही तितकेच धोक्याचे आहे.

बंधूंनो आणि भगिनींनो, आता जे सांगायचे आहे, ते घरी गेल्यावर बाकी सारे विसरलात तरी लक्षात ठेवावे. डोळा खुपणे हे बहुधा कोरडेपणाचे असते. पण नेहमीच नसते. आमच्याकडे एका आजींना शस्त्रक्रियेनंतर सातव्या दिवशी आणले. पाचव्या दिवसापासून डोळा ठणकत होता आणि आदल्या दिवशी दिसत होते त्याहून कमी दिसत होते. घरातल्या मंडळींनी कोणाकडून तरी ऐकले होते, की असे खुपतेच. त्यांनी दोन दिवस कृत्रिम अश्रू घातले. मुलगा म्हणाला, "आईला त्रास नको म्हणून थांबलो." डोळ्याच्या आत जंतूंची लागण झाली होती. तातडीने उपचार केले आणि डोळा वाचला. दृष्टी मात्र पूर्वीसारखी परत आली नाही. त्या दोन दिवसांची किंमत आजी आजही मोजत आहेत. मुलाला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? फरक कसा ओळखायचा, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

तो फरक असा आहे. कोरडेपणा खुपतो, लागण ठणकते. कोरडेपणात दृष्टी पापणी मिटल्यावर सुधारते; लागणीत ती दिवसेंदिवस, कधी तासातासाने कमी होत जाते. कोरडेपणात लाली थोडी असते. लागणीत ती वाढत जाते, उजेड सहन होत नाही, पापणी सुजते, पू येतो. वेदना वाढणे, दिसणे कमी होणे, लाली वाढणे, यांपैकी एक जरी खूण दिसली, तरी रात्र असो की सणाचा दिवस असो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. डोळ्यासमोर एकाएकी विजा चमकल्यासारखे झाले किंवा पडदा आल्यासारखे झाले, तरीही तसेच करावे. जाऊन कोरडेपणाच निघाला, तर कोणी हसणार नाही. आम्ही तरी हसणार नाही.

ज्यांची शस्त्रक्रिया व्हायची आहे, त्यांनी एक गोष्ट आधीच करावी. "माझा डोळा कोरडा आहे का, ते पाहा," असे डॉक्टरांना म्हणावे. ऑटो शिर्मर यांनी १९०३ साली सांगितलेली चाचणी आजही चालते. पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजते ते पाहतात. पाचपेक्षा कमी भिजली तर अश्रू अपुरे आहेत असे समजावे. दुसऱ्या चाचणीत पिवळा रंग घालून अश्रूंचा पडदा किती सेकंदांत फाटतो ते मोजतात. हे आधी पाहण्यात आणखी एक लाभ आहे. कोरड्या पृष्ठभागावर घेतलेले माप चुकू शकते, आणि त्या मापावरूनच बसवायच्या भिंगाचा नंबर ठरतो. म्हणून आधी काही आठवडे डोळा ओला करून घेणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते.

एवढे करूनही ज्यांचा कोरडेपणा हटत नाही, त्यांनी निराश होऊ नये. अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्रांत बारीक बूच बसवता येते. पृष्ठभागाची सूज कमी करणारे सायक्लोस्पोरिनचे थेंब आहेत. त्यांना गुण यायला काही महिने लागतात. फारच कठीण प्रसंगी रुग्णाच्या स्वतःच्या रक्तातील द्रव वेगळा काढून त्याचे थेंब करतात. हे सारे तज्ज्ञाच्या हाती सोपवावे. आपल्या हाती नेम आणि धीर.

गुरुजींचे काय झाले, हे सांगायचे राहिले. त्यांनी थेंब नेमाने घातले, खाट पंख्याखालून सरकवली आणि सायंकाळची पोथी दोन भागांत वाचू लागले. तीन महिन्यांनी खुपणे बहुतेक थांबले. वारा लागला की थोडे पाणी अजून येते. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरा डोळाही करून घेतला. त्या वेळी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसलेल्या इतर रुग्णांना ते समजावून सांगत होते, "डोळा गळेल, पण भिजणार नाही. घाबरू नका. मात्र ठणकला तर थांबू नका." आम्हांला जे सांगायला तासभर लागला, ते त्यांनी तीन वाक्यांत संपवले. शिक्षकाचा आणि डॉक्टरचा फरक तो हाच.